मराठवाड्यात राहून विज्ञान-पर्यावरण पत्रकारिता: पुढे काय आहे आणि सुरुवात कुठून करायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झाली, घर परभणीत, लिहायचे मराठीत. विज्ञान आणि पर्यावरणाच्या पत्रकारितेला पुढची दहा वर्षे आहेत का, की एआय आणि रील्स मिळून तिचा घास घेतील? आणि हे करायचे तर पुणे-मुंबई गाठावीच लागेल का?

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते पाहू. मराठवाड्यात या विषयाला वाचक नाही, असे म्हणणाऱ्याने इथले जिल्हा पान उघडून पाहिलेले नसते. धरणातला साठा, पावसाचा खंड, टँकर, पीकविमा, सोयाबीनवरची गोगलगाय, खडी क्रशरची धूळ, नळाला येणारे पिवळे पाणी, हे सगळे विज्ञान आणि पर्यावरणच आहे. फक्त त्या नावाने ते छापले जात नाही. तुटवडा आहे तो पडताळणीला लागणाऱ्या दिवसांचे पैसे देणाऱ्याचा. 'जायकवाडी ७२ टक्क्यांवर' ही बातमी दहा मिनिटांत होते. त्या ७२ टक्क्यांचा अर्थ काय, किती पाणी पिण्यासाठी राखीव, किती बाष्पीभवनात जाणार, डाव्या कालव्याला किती आवर्तने (सिंचनाच्या पाण्याच्या पाळ्या) मिळतील, हे नीट लिहायला दोन-तीन दिवस लागतात आणि त्या दिवसांची किंमत कोणाच्याच हिशेबात नसते.

हे दुखणे आपल्यापुरते नाही. अमेरिकेतल्या सीएनएनने २००८ मध्येच आपला विज्ञान विभाग मोडीत काढला. २०२३ मध्ये नॅशनल जिओग्राफिकने उरलेले पगारी लेखक कमी केले, त्याच वर्षी पॉप्युलर सायन्स हे नियतकालिक थांबले. आपल्याकडे केंद्र सरकारची विज्ञान प्रसार ही संस्थाही २०२३ मध्ये बंद झाली. तेव्हा 'विज्ञान प्रतिनिधी' अशी पाटी लावलेली पगारी खुर्ची जिल्ह्यात कधी तरी निर्माण होईल, या आशेवर राहू नका.

तरीही मी तुम्हाला 'करू नका' म्हणणार नाही. परदेशात झालेल्या संशोधनाचा मराठी गोषवारा, नासाची छायाचित्रे, 'शास्त्रज्ञांनी शोधले' छापाच्या बातम्या यांना आता भाव उरलेला नाही; ते काम यंत्र फुकटात करते आणि दिवसेंदिवस बरे करत आहे. पण परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या महसूल मंडळात (तालुक्यातल्या काही गावांच्या गटात) गेल्या पाच वर्षांत कोणत्या आठवड्यात किती पाऊस झाला, तिथल्या विहिरी कधी आटल्या, टँकर कधी सुरू झाले आणि कागदावर काय दाखवले गेले, याची सलग नोंद कुठल्याही यंत्राकडे नाही, बहुतेक वृत्तपत्रांकडेही नाही. अशी नोंद ज्याच्याकडे आहे तो माणूस पुढची दहा वर्षे लागणार. कोणाला किती पैशांत लागणार, हा वेगळा प्रश्न. त्यावर खाली येतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. पहिली दीड-दोन वर्षे घरात दुसरे उत्पन्न आहे का? स्वतःची दुचाकी आहे का? घरातले कोणी ठेकेदारीत, साखर कारखान्यात किंवा पंचायत समितीच्या राजकारणात आहे का? तसे असेल तर काही विषय तुम्हाला आधीच सोडून द्यावे लागतील, आणि ते संपादकाला आधीच सांगितलेले बरे. इंग्रजी पीडीएफ न कंटाळता वाचता येते का? या उत्तरांवर वेग ठरेल, दिशा फारशी बदलणार नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे. हा भाग लांबणार आहे, कारण टिकणे इथेच ठरते.

पावसापासून सुरुवात करा. पावसाच्या बातमीत सगळ्यात जास्त फसवणारा शब्द 'सरासरी'. हवामान खाते हंगामाचा अंदाज देते तेव्हा देशपातळीवर दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के पावसाला सर्वसाधारण म्हणते. पण हंगाम चालू असताना एखाद्या जिल्ह्याच्या किंवा उपविभागाच्या तक्त्यात हाच शब्द उणे १९ ते अधिक १९ टक्के इतक्या रुंद पट्ट्याला लागतो. म्हणजे १८ टक्के तूट असलेला जिल्हा नकाशावर हिरवाच दिसतो. त्यात भर म्हणजे महसूल विभागाची सरासरी आणि हवामान खात्याची सरासरी वेगवेगळ्या नोंदींवरून काढलेली असते. एका बातमीत एकाच घरातले आकडे वापरा. टक्केवारी एकाची आणि मिलिमीटर दुसऱ्याचे, असे करू नका.

दुसरे म्हणजे बेरीज खंड लपवते. जूनच्या शेवटी आणि जुलैत दणकून पाऊस झाला आणि ऑगस्ट कोरडा गेला तरी 'आजअखेर सरासरीच्या ९५ टक्के' असे छापून येऊ शकते, आणि शिवारात फुलोऱ्यातले सोयाबीन माना टाकत असते. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी पावसातला २१ दिवसांचा खंड आणि त्यावर मिळणारा पीकविम्याचा २५ टक्के अग्रिम (भरपाईची आगाऊ रक्कम) यावरून मराठवाड्यात केवढे रण माजले ते तुम्ही पाहिले असेलच. त्या वादाचा गाभा व्याख्येत होता. हवामान खात्याच्या व्याख्येत २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस. पिकाला ज्याचा काहीच उपयोग नाही अशी तीन मिलिमीटरची सर आली की कागदावरचा खंड तुटतो. म्हणून खंडाची बातमी करताना तीन प्रश्न विचाराच: कोणत्या मंडळातले केंद्र, किती मिलिमीटरला पावसाचा दिवस धरला, आणि पीक कोणत्या अवस्थेत होते.

मंडळनिहाय पाऊस कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर रोज मिळतो. तो रोज उतरवून स्वतःच्या तक्त्यात ठेवा. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशीच्या साडेआठपर्यंत मोजतात, त्यामुळे १४ तारखेच्या रात्रीचा पाऊस १५ तारखेच्या आकड्यात येतो. तारखांचा हा घोळ बातमीत कायम होतो. रकाने मोजकेच ठेवा: मंडळ, तारीख, मिलिमीटर, आकडा कुठून घेतला, शेरा. शून्य आणि 'नोंद नाही' यांना वेगळे चिन्ह द्या. केंद्र बंद पडले की तक्त्यात कधी कधी शून्य दिसते. शेजारच्या चार मंडळांत ६० मिलिमीटर आणि मध्येच एक शून्य असेल तर बातमी लिहिण्याआधी त्या गावात फोन करा.

शब्द जपून वापरा. ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की महसूल विभागाच्या लेखी अतिवृष्टी. हवामान खात्याचा मुसळधार ६४.५ मिलिमीटरपासून सुरू होतो, अति मुसळधार ११५.६ पासून आणि अत्यंत मुसळधार २०४.५ पासून. 'ढगफुटी' मात्र तासाभरात १०० मिलिमीटर किंवा जास्त. चोवीस तासांच्या आकड्यावरून ढगफुटी सिद्ध होत नाही, तासाची नोंद लागते. ती नसेल तर 'ढगफुटीसदृश' लिहून पळवाट काढण्यापेक्षा 'तीन तासांत इतका' असे सरळ लिहा.

अंदाजांचे काय? व्हॉट्सॲपवर आणि यूट्यूबवर पावसाचे अंदाज सांगणारे आता गावोगाव ऐकले जातात, आणि लोक पेरणीचा निर्णय त्यावर घेतात. त्यांची टिंगल करून काही साधत नाही. त्यांची तपासणी करा, अगदी हवामान खात्याचीही करा. पद्धत सोपी आहे. अंदाज आला त्या दिवशीच तो जसाच्या तसा तारीख-वेळेसह टिपा. नंतर मंडळनिहाय पाऊस समोर ठेवून चार खाने भरा: सांगितला आणि पडला, सांगितला आणि पडला नाही, सांगितला नव्हता तरी पडला, सांगितला नव्हता आणि पडलाही नाही. पूर्ण हंगाम झाल्याशिवाय निकाल छापू नका. एक सापळा ओळखून ठेवा: जुलैत 'येत्या आठ दिवसांत मराठवाड्यात पाऊस पडेल' हे वाक्य जवळजवळ कधीच चुकत नाही. ज्या अंदाजात जिल्हा, तारीख आणि प्रमाण नाही तो खानेसुमारीत धरायचाच नाही. हवामान खात्याच्या भाषेलाही अर्थ आहे: 'तुरळक ठिकाणी' म्हणजे २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५०, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५, त्यावर 'बहुतांश ठिकाणी'. 'तुरळक ठिकाणी पाऊस' हा अंदाज तुमच्या गावात पाऊस पडला नाही म्हणून चुकला असे होत नाही. ही एक चौकट जूनमध्ये छापली तरी वाचकाचे मोठे काम होते.

अल नीनो (प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापणे) आला की दुष्काळ पडणार, अशा मथळ्यांनाही लगाम घाला. १९९७ चा अल नीनो गेल्या शतकातल्या सर्वांत बलवान अल नीनोंपैकी एक, आणि त्या वर्षी देशाचा पाऊस सरासरीच्या थोडा वरच होता. अल नीनोने दुष्काळाची शक्यता वाढते, खात्री होत नाही.

धरणाच्या आकड्यांचे तसेच. जायकवाडीची एकूण क्षमता सुमारे १०२.७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला उपयुक्त साठा सुमारे ७६.६ आणि मृतसाठा सुमारे २६. बातमीतली टक्केवारी बहुतेक वेळा उपयुक्त साठ्याची असते. म्हणून 'शून्य टक्के' असतानाही नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, २६ टीएमसी पाणी असते आणि त्याखाली गेले की टक्केवारी उणे छापून येते. ६५ टक्के उपयुक्त साठा म्हणजे सुमारे ५० टीएमसी. त्यात मृतसाठा मिळवून एकूण क्षमतेशी भागले तर तेच पाणी ७४ टक्के दिसते. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांखाली असेल तर नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो, आणि दोन्ही बाजूंचे पुढारी आपल्या सोयीची टक्केवारी सांगतात. पत्रकाराने भाजक कोणता ते विचारायचे, एवढेच.

क्युसेक हा वेग आहे, साठा नाही. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. '१० हजार क्युसेक पाणी सोडले' या वाक्याला 'किती वेळ' जोडल्याशिवाय अर्थ नाही. तोच विसर्ग चोवीस तास चालला तर ०.८६ टीएमसी होतो. १ टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी (दशलक्ष घनमीटर). ही तीन रूपांतरे तोंडपाठ करा. पूरस्थितीत रात्री अकराला डेस्कवरून फोन येतो तेव्हा यांचाच उपयोग होतो.

भूजलाकडे कमी लोक वळतात, आणि खरे तर मराठवाड्याची मोठी गोष्ट तिथेच आहे. आपला बहुतेक भाग बेसॉल्टचा. पाणी मुरते ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खालच्या भेगांत. खडकाला स्वतःची अशी साठवण फार नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ठरावीक महिन्यांत मोजते आणि मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करते. आता ती पाच वर्षेच दुष्काळी असतील तर थोड्या पावसातही 'भूजल पातळीत वाढ' असा अहवाल येतो. खोटा नसतो, पण पुरता खराही नसतो. शिवाय निरीक्षणाच्या विहिरी बहुतांश उथळ थरातल्या, आणि शेतकरी पाणी उपसतो ५००-७०० फुटांच्या बोअरमधून. भूजल कायद्यात ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फूट, ही खोल विहिरीची रेषा आहे. तिच्या कितीतरी खाली आपण गेलो आहोत. म्हणून अहवालाबरोबर बोअरवेलच्या गाडीवाल्याशी बोला. कोणत्या गावात किती फुटांवर पाणी लागते आणि दहातले किती बोअर कोरडे जातात हे त्याच्या वहीत असते. ती वही शास्त्रीय पुरावा नाही, पण कुठे जाऊन पाहायचे ते सांगते.

जलजीवन मिशनच्या आकड्यांत 'नळजोडणी' आणि 'पाणी' वेगळे ठेवा. योजनेचे उद्दिष्ट माणशी दिवसाला ५५ लिटर. ज्या गावाची जोडणी १०० टक्के दाखवली आहे त्याच गावाला एप्रिलमध्ये टँकर चालू असेल, तर दोन सरकारी कागद शेजारी ठेवले की बातमी होते. विशेषण लावण्याची गरज पडत नाही.

पाण्याची तपासणी करून घ्यायची असेल तर थोडे नियम. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लास्टिकची लिटरभराची बाटली, त्याच पाण्याने तीनदा विसळून, काठोकाठ भरून. जिवाणू तपासणीसाठी प्रयोगशाळेनेच दिलेली निर्जंतुक बाटली घ्यायची, ती विसळायची नाही, बर्फात ठेवून शक्य तितक्या लवकर, काही झाले तरी चोवीस तासांत पोचवायची. हातपंप असेल तर आधी काही मिनिटे पाणी वाहू द्या. नमुन्यावर ठिकाण, तारीख, वेळ लिहा आणि भरतानाचा फोटो ठेवा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर चालत नाही, त्याला सवलतीची मर्यादाच नाही. फ्लोराइड १ पर्यंत योग्य, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. एका विहिरीच्या एका नमुन्यावरून 'तालुक्याचे पाणी विषारी' असा मथळा करू नका. पावसाळ्याआधी आणि नंतर, निदान दोनदा तपासा.

हवेबद्दल थोडक्यात: राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत मराठवाड्यातली छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर ही शहरे आहेत. मानक चोवीस तासांच्या सरासरीचे असते, पीएम १० (हवेतले बारीक धूलिकण) साठी १०० आणि पीएम २.५ (त्याहूनही सूक्ष्म कण) साठी ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. सकाळी सातचा एक आकडा घेऊन मानकाशी तुलना करणे चूक. हातात धरायचे स्वस्त सेन्सर दमट हवेत जास्त दाखवतात. त्यांच्यावरून 'इथे तिथल्यापेक्षा धूळ जास्त' एवढे म्हणता येते, त्यापुढे नाही.

भूकंपाचा विषय आपल्याकडे नाजूक आहे, कारण ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप कोणी विसरलेला नाही. हिंगोलीत वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून आवाज आले की 'गूढ आवाजाने घबराट' असा मथळा ठरलेला. त्या ऐवजी राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या नोंदीत त्या वेळी काही आहे का ते पाहा आणि आहे किंवा नाही तेवढे लिहा. १० जुलै २०२४ ला हिंगोलीत ४.५ तीव्रतेचा धक्का नोंदला गेला. किल्लारीचा ६.२ होता. आकड्यात फरक फक्त १.७ चा वाटतो, पण बाहेर पडणाऱ्या ऊर्जेत तो साडेतीनशे पटींच्या आसपास आहे. असे एक वाक्य घबराट कमी करते, आणि ते पंधरा मिनिटांत लिहून होते.

आतापर्यंतचे सगळे आकडे दुसऱ्याने मोजलेले. आता दोन साधने अशी, ज्यांनी तुम्ही स्वतः शोधू शकता.

एक, उपग्रह चित्रे. युरोपच्या सेंटिनेल-२ ची चित्रे फुकट मिळतात, १० मीटरची स्पष्टता, साधारण पाच दिवसांनी नवे चित्र. कोपर्निकस ब्राउझरमध्ये गाव शोधायचे, ढग २० टक्क्यांखाली ठेवायचे आणि दोन तारखा शेजारी लावायच्या. तलावाचा पसारा, डोंगर पोखरणाऱ्या खाणी, नदीपात्रातले बदल चांगले दिसतात. पिकाच्या हिरवेपणाचा नकाशा मात्र फसवतो: पिवळा मोझॅक हा रोग झालेले सोयाबीन, कापणीला आलेले सोयाबीन आणि तहानलेले सोयाबीन तिन्ही सारखेच फिके दिसतात. म्हणून चित्रावरून पाच-सहा जागा निवडायच्या आणि शिवारात जाऊन पाहायचे. ऐन पावसाळ्यात ढगांमुळे हे चित्र निरुपयोगी ठरते. पुराचे पाणी पाहायचे तर सेंटिनेल-१ चे रडार चित्र घ्या, ते ढगांतून पाहते. वाळू उपशाच्या विषयावर तर मी हेच साधन आधी सुचवेन. गोदावरीच्या पात्रात रात्री एकटे मोबाइल घेऊन जाऊ नका; चित्रे, लिलावाचे कागद आणि रॉयल्टीच्या पावत्या यांतूनही बातमी पूर्ण होते.

दोन, कागद. साखर कारखान्याची आसवनी (मद्यार्क प्रकल्प) किंवा तत्सम मोठा प्रकल्प येतो तेव्हा २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण परवानगीची प्रक्रिया असते आणि जिथे जनसुनावणी लागते तिथे किमान ३० दिवस आधी जाहिरात द्यावी लागते, स्थानिक भाषेतल्या दैनिकातही. अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो. तीनशे पानांत तीन जागा आधी उघडा: रोज किती पाणी लागणार आणि कोणत्या स्रोतातून, सांडपाणी कुठे जाणार, आणि मूळ परिस्थितीची मोजमापे कोणत्या महिन्यांत केली. मग वनस्पती-प्राण्यांची यादी पाहा. आपल्या भागात न आढळणारी झाडे यादीत सापडली तर ती यादी कुठून तरी उचललेली आहे, आणि तिथून पुढचे प्रश्न आपोआप सुचतात.

माहितीचा अधिकार वापरताना मत मागू नका, नोंद मागा. 'कारवाई का केली नाही' याला उत्तर मिळत नाही. 'अमुक कारखान्याच्या १ एप्रिलपासूनच्या सर्व तपासणी अहवालांच्या प्रती' याला मिळते. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, दहा रुपयांचे शुल्क, उत्तराला ३० दिवस, नाही मिळाले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. अर्ज उन्हाळ्यात टाका म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी कागद हातात येतो.

कारखान्याविरुद्ध बोलणाऱ्या शेतकऱ्याचे नाव छापण्याआधी त्याचा ऊस कुठे जातो ते विचारा. तोड महिनाभर लांबली तर वजन आणि उतारा दोन्ही घटतात, आणि त्याला हे माहीत असते. नाव नको म्हणाला तर आग्रह धरू नका, कागद शोधा.

एआयकडे येऊ. मुलाखतीचे टंकन, लांब इंग्रजी अहवालात हवे ते पान शोधणे, तक्त्याची बेरीज यासाठी वापरा, वेळ वाचतो. पण आपल्याकडचे बरेच जुने शासकीय कागद युनिकोडपूर्व फाँटमध्ये किंवा स्कॅन केलेले आहेत. यंत्र त्यातून १ चा ९ करते आणि ते आत्मविश्वासाने करते. 'मिलियन क्युबिक मीटर'चे भाषांतर 'दशलक्ष लिटर' झालेलेही दिसते, म्हणजे थेट हजारपट चूक. नियम एकच ठेवा: छापायला जाणारा प्रत्येक आकडा मूळ कागदावर बोट ठेवून वाचायचा. माझ्या मते एआयमुळे मराठी वाचकापुढे येणारा मजकूर खूप वाढेल आणि त्यातला तपासलेला किती हे कळेनासे होईल. अशा वेळी बातमीखाली 'हा आकडा कुठून, कोणत्या तारखेचा, आम्ही काय पाहिले आणि काय पाहिले नाही' अशा चार ओळी देणारा वार्ताहर वेगळा उठून दिसेल. या चार ओळी आजपासून लिहायला लागा, संपादकाने काढून टाकल्या तरी.

आता पैसे. तालुका वार्ताहराचे उत्पन्न आपल्याकडे बहुधा जाहिरातीच्या कमिशनवर चालते, आणि सर्वांत मोठ्या जाहिराती वाढदिवसाच्या आणि गळीत हंगामाच्या शुभारंभाच्या. ज्या कारखान्याच्या सांडपाण्यावर लिहायचे त्याच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाचे पान आपणच आणायचे, ही गाठ सुटत नाही. त्यामुळे या विषयावर काम करायचे तर जाहिरात आणणे नाकारायची सोय आधी हवी. ती दोन-तीन छोट्या उत्पन्नांतून होते. कोणा एकाच्या भरवशावर राहू नका.

एका कामातून तीन गोष्टी काढायला शिका. समजा येलदरी धरणाच्या लाभक्षेत्रातल्या पाण्याच्या पाळ्यांवर तुम्ही महिनाभर माहिती जमवली. त्यातून दैनिकाला एक बातमी, शेतीच्या वाचकासाठी कामाचा लेख, आणि मोंगाबे-इंडिया, डाउन टू अर्थ यांसारख्या ठिकाणी इंग्रजीत सविस्तर वृत्तांत. पारीवर (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) ग्रामीण वृत्तांत मराठीतही प्रसिद्ध होतात. २००५ पासून ॲग्रोवनसारखे फक्त शेतीला वाहिलेले दैनिक मराठीत चालते आहे, म्हणजे तांत्रिक मजकूर पैसे देऊन वाचणारा माणूस आहे. आकाशवाणीच्या परभणी केंद्रासारख्या ठिकाणची प्रासंगिक कामेही सोडू नका. यूट्यूब जरूर करा, पण जाहिरातीच्या उत्पन्नासाठी नव्हे, ओळखीसाठी. आणि बियाणे, कीटकनाशक, ठिबकच्या कंपन्यांचे प्रायोजकत्व घेऊ नका, कारण पुढच्या हंगामात त्यांच्याच उत्पादनाबद्दल लिहायची वेळ येते.

अर्थ जर्नालिझम नेटवर्कसारख्या संस्था पर्यावरण वार्तांकनासाठी अनुदान देतात. प्रस्ताव फसतो तो बहुधा विषय मोठा घेतल्याने. 'मराठवाड्यातील हवामान बदल' याला कोणी पैसे देत नाही. 'दोन मंडळे, एक पीक, पाच वर्षांच्या खंडाच्या नोंदी आणि विम्याचे दावे' याला मिळू शकतात. नोंदवही इथे कामी येते: बाकीचे अर्जदार माहिती गोळा करू म्हणतात, तुम्ही गोळा केलेली दाखवता.

हवामान बदलाचे नाव घेतानाही हात आखडता ठेवा. तापलेली हवा जास्त बाष्प धरते, एका अंशाला सुमारे ७ टक्के, आणि मोठ्या पावसाच्या घटना वाढण्यामागे हे कारण आहे, इतके पक्के. पण अमुक दिवशीचा अमुक नदीचा पूर हवामान बदलामुळेच आला, हे त्या घटनेचा स्वतंत्र अभ्यास झाल्याशिवाय म्हणता येत नाही. त्याच पुराला ओढ्यावरचे अतिक्रमण, गाळाने भरलेले बंधारे आणि धरणातून उशिरा सोडलेले पाणीही कारण असू शकते. सगळे 'हवामान बदल' म्हटले की ज्या अधिकाऱ्याने वेळेत दरवाजे उघडले नाहीत त्याला बरेच वाटते.

पुणे-मुंबईबद्दल: वर्ष-दोन वर्षे डेस्कवर काम शिकायला मिळत असेल तर जा, बातमीचा मजकूर कसा कापतात ते तिथे कळते. कायमचे गेलात तर तिथल्या शंभर जणांतले एक व्हाल आणि मराठवाड्याची बातमी फोनवरून लिहू लागाल. परभणीत कृषी विद्यापीठ आहे, तिथे हवामानशास्त्र, मृदाशास्त्र, कीटकशास्त्राचे लोक दारात आहेत. छत्रपती संभाजीनगरला वाल्मी (जल व भूमी व्यवस्थापन संस्था) आहे. मुंबईतल्या वार्ताहराला हे तज्ज्ञ ईमेलवर गाठावे लागतात. तुम्ही त्यांच्या प्रक्षेत्रावर सकाळी आठला उभ्या राहू शकता. फक्त एक पथ्य: विद्यापीठाने शिफारस केली म्हणून ती आपोआप बातमी होत नाही. प्रयोग किती हंगाम झाला, किती ठिकाणी, कोरडवाहूत की ओलिताखाली, आणि तुलना कशाशी केली, हे विचारूनच लिहायचे.

सुरुवातीचा महिना म्हणाल तर ऑक्टोबर धरा. १५ तारखेला जायकवाडीच्या साठ्याचा हिशेब होतो, नजर पैसेवारी (पीक किती येईल याचा महसूल विभागाचा पहिला अंदाज) नुकतीच जाहीर झालेली असते आणि सुधारित महिनाअखेरीस येते, पावसाळ्यानंतरची भूजल मोजणी त्याच सुमारास होते, आणि गळीत हंगामाच्या तारखा ठरू लागतात. दोन तालुके निवडा, प्रत्येकी दोन मंडळे. ५० पैशांच्या वर-खाली गेलेल्या गावांची पैसेवारी, त्या मंडळाचा पाऊस आणि त्याच गावातल्या दोन विहिरींची तुम्ही स्वतः टेपने मोजलेली पातळी एका तक्त्यात मांडा. विहीर मोजताना काठावरची एकच जागा रंगाने खूण करून ठेवा, दर वेळी तिथूनच टेप सोडा, आणि पंप चालू असेल किंवा नुकताच बंद केला असेल तर त्या दिवशी मोजू नका.